जाखडीचा अल्बम: मंडळाने एकत्र गावे की एकेकाने?

नमस्कार. गणपती जवळ आले की रत्नागिरी जिल्ह्यातील वाड्यावाड्यांतून जाखडीच्या, म्हणजे शाहिराच्या गाण्यावर रिंगण धरून नाचायच्या लोकनृत्याच्या, तालमी सुरू होतात, आणि आपल्या शाहिरांची गाणी नीट ध्वनिमुद्रित होऊन अल्बमच्या रूपाने लोकांपर्यंत जावीत, अशी इच्छा आता अनेक मंडळे बोलून दाखवतात. ही इच्छा रास्त आहे. मात्र प्रत्यक्षात जे तयार होते ते ऐकून मला पुष्कळदा वाईट वाटते, कारण मृदंगाच्या जागी यंत्रातला ठेका आलेला असतो आणि झील धरणाऱ्या, म्हणजे शाहिरामागे सुरात साथ देणाऱ्या, पाच जणांचे काम एकाच गायकाकडून पाच वेळा गाऊन घेतलेले असते. म्हणून आज मी मुख्यतः एकाच निर्णयाविषयी बोलणार आहे: मंडळाने एकत्र गावे की एकेकाने.

स्टुडिओतील आजची रूढ पद्धत एकेकाची आहे. प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक आवाज स्वतंत्र ट्रॅकवर घेतला जातो, आणि सर्वांची लय जुळावी म्हणून गाणाऱ्याच्या कानात ठरावीक गतीची क्लिक वाजत राहते. या पद्धतीचा फायदा खरा आहे. एखाद्याचा सूर चुकला तर तेवढाच भाग पुन्हा घेता येतो. परंतु जाखडी संथ सुरू होते आणि नाचणाऱ्यांचे पाय तापत जातील तशी चढत जाते. ही चढण मृदंगवाला नाचणाऱ्यांकडे पाहून ठरवतो, नाचणारे शाहिराच्या आवाजावरून ठरवतात आणि शाहीर पुन्हा मृदंगावरून. क्लिक लावली की हे सगळे थांबते. माझे मत स्पष्ट आहे: जाखडी एकत्रच मुद्रित करावी, आणि पायांतील चाळांचा (घुंगरांचा) आवाज नंतर बाहेरून न जोडता नाचणाऱ्यांना तिथेच नाचू द्यावे.

अशा मुद्रणासाठी महागडी यंत्रे लागतात, हा समज मात्र सोडून द्यावा. अमेरिकेत टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या सीमेवरील ब्रिस्टल या गावात १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर यांनी व्हिक्टर या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीसाठी डोंगराळ भागातील गायकांचे मुद्रण केले. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांची पहिली ध्वनिमुद्रणे तिथलीच, आणि कंट्री संगीताच्या इतिहासात त्या मुद्रणांना फार मोठे स्थान आहे. त्या काळी नंतर आवाज कमीजास्त करण्याची सोयच नव्हती. कोणी मायक्रोफोनजवळ उभे राहायचे आणि कोणी मागे सरायचे, यावरच गाण्याचा तोल ठरत असे. १९८७ मध्ये काउबॉय जंकीज या गटाने टोरंटोच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये आपला अल्बम एकाच मायक्रोफोनभोवती मुद्रित केला, तेव्हाही काम तेच होते: कोणी कुठे उभे राहायचे, हे ठरवणे.

आपल्याकडे मग जागा कोणती निवडावी? गावातील समाजमंदिर मोठे असते, पण सिमेंटच्या समोरासमोरच्या भिंतींवर आवाज आदळत राहतो आणि मृदंगाचा बोल पुसट होतो. कौलारू घराची ओटी किंवा पडवी मला अधिक पसंत आहे, कारण तिथला बराचसा आवाज कौलांतून आणि उघड्या बाजूने निघून जातो. समाजमंदिरच घ्यावे लागले तर भिंतींवर गोधड्या आणि सतरंज्या टांगाव्यात. पंखे बंद ठेवावेत. समुद्राला अगदी लागून असलेली वाडी टाळावी; गाज कानाला गोड लागते, पण ती सर्व स्वरपट्ट्यांत पसरलेली असल्यामुळे मुद्रणातून नंतर वेगळी काढता येत नाही.

दिवसही विचाराने निवडावा लागतो. भाद्रपदात मंडळ जमलेले असते, गळे तापलेले असतात, पण कौलांवर पाऊस पडत असतो. शिमग्याला चाकरमानी पुन्हा गावी येतात आणि हवा कोरडी असते, मात्र तेव्हा साऱ्या गावाचे लक्ष पालखीत असते. त्यामुळे मे महिन्याची सुट्टी मला सर्वांत सोयीची वाटते.

[पडद्यावर: बसण्याची आकृती]

शाहीर आणि वादक मध्ये, नाचणारे त्यांच्याभोवती रिंगणात, ही परंपरेची मांडणी मोडू नये. शाहिरासमोर वीतभर अंतरावर एक मायक्रोफोन, मृदंगाला एक, झील धरणाऱ्यांना मिळून एक, आणि संपूर्ण रिंगणासाठी वर उंचावर दोन, एवढे पुरते. दोन मायक्रोफोनमधील अंतर हे मायक्रोफोन आणि त्याच्या आवाजातील अंतराच्या किमान तिप्पट असावे. नाहीतर एकच आवाज दोन ठिकाणी थोड्या वेळाच्या फरकाने पोहोचतो आणि पोकळ ऐकू येतो. चाळ आणि झांज फार तीक्ष्ण असतात, म्हणून त्यांच्या जवळ मायक्रोफोन नेऊ नये. शाहिराच्या मायक्रोफोनमध्ये मृदंग थोडा शिरणारच. त्याची भीती बाळगू नये.

एवढे जमले तर मिक्सिंगला, म्हणजे सगळ्या मायक्रोफोनांचे आवाज नंतर एकत्र जुळवण्याला, फारसे काम उरत नाही. मास्टरिंगमध्ये, म्हणजे तयार गाण्यावर शेवटचा हात फिरवताना, आवाज शक्य तितका मोठा करण्याचा मोहही टाळावा, कारण गाणी ऐकवणाऱ्या बहुतेक सेवा सर्व गाण्यांची पातळी आपणहून सारखी करतात, आणि दाबून मोठा केलेला मृदंग तिथे फक्त चपटा ऐकू येतो.

आता गाण्यांचा क्रम. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला सुमारे तेहतीस फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचे संगीत बसू लागले. पहिल्या बाजूने काय सांगायचे आणि दुसऱ्या बाजूने काय, असा विचार त्यामुळे रुजला. आपल्याकडे गण, मग गवळण आणि पुढे सवाल-जवाब हा क्रम आधीपासून ठरलेला आहे. पण शक्ती-तुऱ्यात, म्हणजे शक्ती आणि तुरा या दोन पक्षांच्या जाखडीच्या सामन्यात, सवाल एका पक्षाचा असतो आणि जवाब दुसऱ्याचा. एकट्या शक्तीवाल्यांनी अल्बम काढला तर निम्मा सामना गळून पडतो. दोन्ही मंडळांना एकत्र बोलावून, एकाच ओटीवर, एकाच दिवशी बारी (दोघांचा सामना) मुद्रित केलेली मला मनापासून ऐकायची आहे.

शेवटी कागदपत्रे, आणि ती मुद्रणाआधीच करावीत. शाहिराने स्वतः रचलेले गीत हे पारंपरिक म्हणून नोंदवू नये; १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार त्यावर त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना सादरीकरणाचा वेगळा हक्क ५० वर्षे मिळतो. गीत एखाद्या चित्रपटगीताच्या चालीवर बांधलेले असेल, तर त्या चालीच्या हक्कदाराची परवानगी लागते. ती मिळत नसेल तर मंडळाने स्वतःची चाल बांधावी. रचनाकार, शाहीर, मृदंगवादक, झील धरणारे आणि नाचणारे या सर्वांची नावे आणि उत्पन्नातील वाटा एका कागदावर लिहून प्रत्येकाची सही घ्यावी, आणि तीच नावे प्रत्येक गाण्याच्या माहितीत जशीच्या तशी भरावीत.