रांजणातला सम्राट

[शेत. खणलेला चौकोनी खड्डा, मधोमध फुटक्या रांजणाचं तोंड]

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात, फ्रोम गावाजवळचं हे शेत. एप्रिल २०१०. मेटल डिटेक्टर वाजला. फूटभर माती काढल्यावर काळं खापर लागलं आणि खापरालगत हिरवी पडलेली नाणी दिसली. शोधणाऱ्याने इथेच हात थांबवला आणि पुरातत्त्व अधिकाऱ्यांना कळवलं. पुढे जे सांगणार आहोत, त्यातलं निम्मं तरी हा हात थांबल्यामुळेच कळलेलं आहे.

[वरून दृश्य: रांजण, नाण्यांचा एकेक थर]

रांजणाचा घेर बघा. पंचेचाळीस सेंटिमीटर व्यास, आणि भिंत जेमतेम एक सेंटिमीटर जाडीची. आतली नाणी १६० किलो. एवढा भार घेऊन हा रांजण उचलला असता तर जागीच फुटला असता. म्हणजे आधी खड्डा खणला, त्यात रिकामा रांजण बसवला आणि मग लहान भांड्यांनी किंवा पिशव्यांनी नाणी आत ओतली. वरून एक वाडगं पालथं घातलं.

रांजणाला आधीच तडे गेले होते, त्यामुळे तो अख्खा बाहेर काढणं शक्य नव्हतं. मग तीन दिवस जागेवर बसून थर उतरवले. प्रत्येक थराची पिशवी वेगळी, पिशवीवर थराचा क्रमांक. काम किचकट, पण करायलाच हवं असं. ओली माती सुकली की नाणी एकमेकांना चिकटतात आणि गंज वाढत जातो, म्हणून ब्रिटिश म्युझियममध्ये नेऊन आधी सगळी धुतली, सुकवली आणि मगच निवडायला घेतली.

मोजदाद झाली: ५२ हजार ५०३ रोमन नाणी. त्यातली साडेसातशेहून अधिक एकाच माणसाची.

[नाणं, तिरप्या उजेडात. जाड मान, दाट दाढी, किरणांचा मुकुट]

हा तो. काराउसियस. तिसऱ्या शतकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये स्वतःला रोमन सम्राट म्हणवणारा बंडखोर.

साठ्यातली सर्वांत उशिराची नाणी त्याची. कुणी वर्षानुवर्षं थोडी थोडी भर घालत गेलं असतं तर ती सगळ्यात वर यायला हवी होती. पण पिशव्यांवरचे क्रमांक वेगळंच सांगतात. त्याची बहुतेक नाणी रांजणाच्या निम्म्याहून खाली, एकाच थरात दाटलेली होती. साठा एका वेळी पुरलेला आहे. फावड्याने उपसून नाणी गोणीत भरली असती, तर नाणी तेवढीच मिळाली असती. हे मात्र कधीच कळलं नसतं.

[नकाशा: बूलोनचा किनारा, समोर ब्रिटन]

काराउसियस मेनापी जमातीचा, आजच्या बेल्जियमच्या किनारपट्टीवरचा. तरुणपणी पगारावर जहाजाचं सुकाणू धरायचा. इसवी सन २८६च्या सुमाराला पश्चिमेचा सम्राट मॅक्सिमियन याच्या मोहिमेत त्याने नाव काढलं, आणि त्याला बूलोनच्या आरमाराची जबाबदारी मिळाली. फ्रँक आणि सॅक्सन चाच्यांचा बंदोबस्त करायचा, हे काम. लवकरच कुजबुज सुरू झाली: हा चाच्यांना आधी लुटू देतो, परतताना गाठतो आणि माल ना लोकांना परत देतो ना सरकारजमा करतो. मॅक्सिमियनने त्याला ठार करण्याचा हुकूम काढला. काराउसियसने सम्राटाची जांभळी वस्त्रं चढवली, आरमारासह ब्रिटन ताब्यात घेतलं आणि स्वतःला ऑगस्टस, म्हणजे सम्राट, म्हणवलं. गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या, उत्तर किनाऱ्यावरचं बूलोनही त्याच्याच हाती राहिलं.

हा आरोप आपल्यापर्यंत ज्या लेखनातून आला, ते त्याच्या मृत्यूनंतर साठ-सत्तर वर्षांनी, जिंकलेल्या बाजूच्या राज्यात लिहिलं गेलं. विजेत्यांच्या दरबारातली स्तुतिभाषणं तर त्याचं नावही घेत नाहीत. तिथे तो नुसता ‘चाचा’ आहे. त्याची बाजू ऐकायची असेल तर ती धातूवरच वाचावी लागते.

[प्रात्यक्षिक: लाकडी ओंडका, ऐरण, चिमटा, घण]

सैनिक पगारावर लढतात, आणि पगाराला नाणी लागतात. ब्रिटनमध्ये त्याच्याआधी एकाही रोमन सम्राटाने स्वतःची टांकसाळ चालवली नव्हती. त्याला ती शून्यापासून उभारावी लागली.

साधनं मोजकीच. खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला. त्यात सम्राटाचा चेहरा उलटा कोरलेला. वरचा ठसा हातात धरायचा. त्यात मागची आकृती. तापवलेली चकती चिमट्याने मधे ठेवायची आणि वरून घणाचा एक घाव. घाव सरळ वरच्या ठशावर बसत असल्याने तो लवकर झिजतो, त्याला तडे जातात. तडा गेलेल्या ठशाने काम चालूच ठेवलं तर प्रत्येक नाण्यावर तीच उंचवट्याची रेघ उमटते, आणि तिच्यावरून अमुक नाणी एकाच ठशाची हे आज जुळवता येतं.

[जवळून: एका बाजूला चेहरा, दुसऱ्या बाजूला तोच चेहरा खोलगट]

ही चूक बघण्यासारखी आहे. आधीचं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहिलं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही आणि पुढची चकती त्याच्याखाली ठोकली गेली. त्यामुळे मागच्या बाजूलाही चेहराच उमटला, पण आत दबलेला आणि उलटा. घाईच्या टांकसाळीत हे व्हायचंच.

[सूक्ष्मदर्शकाखाली नाणं सावकाश फिरतं]

सुरुवातीला तर चकत्या ओतायलाही सवड नव्हती. मग बाजारात फिरणारी जुनी नाणी, व्हिक्टोरिनस, टेट्रिकस अशा आधीच्या बंडखोर सम्राटांची, तशीच तापवून त्यांच्यावर नवा ठसा मारला. ताप कमी पडला किंवा घाव हलका बसला की जुनं चित्र पुरतं पुसलं जात नाही. इथे दाढीखाली बघा. उजेड डावीकडून, अगदी आडवा टाकला की जुन्या मुकुटाची टोकं वर येतात; कडेला जुन्या नावाचं अक्षरही सापडतं. उजेड थेट वरून टाकलात तर काहीच दिसणार नाही. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली सापडलेल्या साठ्यात नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेली हजारो नाणी होती. युक्ती तीच.

[चांदीचं नाणं. काळ्या कापडावर]

आणि मग हे. काराउसियसचं चांदीचं नाणं. फ्रोमच्या रांजणात अशी फक्त पाच निघाली.

त्या काळचं रोजचं नाणं नावापुरतंच चांदीचं होतं. टेट्रिकसच्या शेवटच्या नाण्यांत शेकडा एक भागही चांदी उरली नव्हती. काराउसियसच्या या नाण्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास चांदी आहे. ज्याला रोम लुटारू म्हणत होतं, त्याने सैन्याच्या हातात खरी चांदी ठेवली, आणि तीही पूर्वेचा सम्राट डायोक्लेशियन याने २९४च्या सुमाराला चांदीचं नवं नाणं काढण्याच्या कितीतरी वर्षं आधी.

[जवळून: नाण्याची मागची बाजू, लेख EXPECTATE VENI हळूहळू स्पष्ट]

मागच्या बाजूला ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपातलं ब्रिटन, सम्राटाचा हात हातात घेते. लेखाचा अर्थ: ‘ज्याची वाट पाहिली, तो तू ये.’ हे शब्द रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यातल्या एका ओळीचा पडसाद आहेत.

[नाण्याच्या तळाची तीन अक्षरं: RSR]

तळाशी आर, एस, आर. हे कुठल्या तरी खजिनदाराच्या हुद्द्याचं लघुरूप असावं, असं पुष्कळ काळ मानलं जायचं. १९९०च्या दशकात उलगडा झाला. काराउसियसच्या एका पदकावर याच जागी आय, एन, पी, सी, डी, ए अशी अक्षरं आहेत. दोन्ही जोडली की व्हर्जिलच्या चौथ्या गोपगीतातल्या लागोपाठच्या दोन ओळींची आद्याक्षरं मिळतात: सुवर्णयुगाचा देव सॅटर्न याचं राज्य परत येत आहे, आता उंच स्वर्गातून नवी पिढी उतरते आहे. ज्याने हा ठसा कोरवून घेतला त्याला लॅटिन काव्य पाठ होतं, आणि वाचणाऱ्यांतही ओळखणारे असतील याची त्याला खात्री होती. साध्या चाच्याच्या तळावर हे घडत नाही.

[नाणं: एकामागे एक तीन चेहरे]

शेवटी हे नाणं, आमच्या मते सगळ्यांत धाडसी. तीन चेहरे एका रांगेत: काराउसियस, डायोक्लेशियन, मॅक्सिमियन. लेख म्हणतो, ‘काराउसियस आणि त्याचे भाऊ’. मागे शांतिदेवता, आणि ऑगस्टस या शब्दाच्या लघुरूपाला तीन जी जोडलेले. लॅटिनमध्ये शेवटचं अक्षर जितक्या वेळा, तितकी माणसं. म्हणजे सम्राट तीन. त्याला राज्य मोडायचं नव्हतं. राज्यात तिसरी जागा हवी होती. त्या दोघांनी मात्र त्याच्या नावाचं एकही नाणं पाडलं नाही.

[बूलोन. भरतीचं पाणी]

२९३ साली धाकटा सम्राट कॉन्स्टँटियस बूलोनला आला. बंदराच्या तोंडाशी खांब ठोकून, दगड टाकून त्याने बांध घातला. आतली जहाजं अडकली, बाहेरून मदत येईना, शिबंदी शरण आली. त्यानंतरच्या पहिल्याच भरतीत बांध फुटला, असं विजेत्यांच्याच भाषणात आहे. त्याच वर्षी काराउसियसला त्याचाच अर्थखात्याचा माणूस आलेक्टस याने मारलं. आलेक्टस तीन वर्षं टिकला. २९६ साली कॉन्स्टँटियसचा सेनापती आस्क्लेपिओडोटस याचा ताफा धुक्यातून निसटून ब्रिटनला लागला. त्याने आपलीच जहाजं जाळली आणि आलेक्टसला गाठलं. आलेक्टस मेला तेव्हा त्याच्या अंगावर राजवस्त्रं नव्हती.

[अरासचं सुवर्णपदक]

ब्रिटन परत मिळवल्याचं हे पदक, दहा सोन्याच्या नाण्यांच्या वजनाचं. घोड्यावर कॉन्स्टँटियस, खाली जहाज, वेशीपाशी गुडघे टेकलेली लंडन नगरी. लेख: ‘चिरंतन प्रकाश परत देणारा’. फ्रान्समध्ये अरासजवळ १९२२ साली वीटभट्टीसाठी माती काढताना, हे पदक ज्यात होतं तो नाण्यांचा साठा लागला आणि बघता बघता पांगला. तिथे थर कुणी मोजले नाहीत. कुठलं नाणं कशाखाली होतं, हे विचारायची सोयच आता उरली नाही.

[कार्लाइल. संग्रहालयातला मैलाचा दगड, कॅमेरा तळाकडून वर]

काराउसियसचं नाव असलेला ब्रिटनमधला हा एकुलता एक दगड. १८९४ साली कार्लाइलजवळ पेटेरिल नदीत सापडला. एका टोकाला त्याचं नाव, मानाने कोरलेलं: धर्मनिष्ठ, भाग्यवान, अजिंक्य. राज्य गेल्यावर दगड उपटला, उलटा केला आणि वर आलेल्या टोकावर कॉन्स्टँटियसचा मुलगा कॉन्स्टंटाइन याचं नाव घातलं. काराउसियसचं टोक मातीत गेलं. वरची अक्षरं शतकानुशतकं पाऊस-वारा सोसत राहिली.

खालची ही बघा. छिन्नीची धार अजून दिसते.

[अक्षरांवर स्थिर. आवाज फक्त नदीचा]