चूल न पेटवण्याचा दिवस

मित्रहो, छिंगमिंगची, म्हणजे चिनी लोकांच्या कबरींवर जाण्याच्या दिवसाची गोष्ट मी एका ढासळलेल्या कबरीपासून सुरू करतो. चीनच्या 'ली-जी' या प्राचीन विधिग्रंथात ती आहे. कन्फ्यूशियसने आईवडिलांना एकत्र पुरलं आणि म्हणाला, पूर्वीचे लोक कबरीवर उंचवटा करत नसत. पण मी चारी दिशांना भटकणारा माणूस, मला खूण हवी. त्याने मातीचा ढिगारा रचला. तो पुढे निघून आला, मागे मोठा पाऊस झाला. शिष्य उशिरा पोचले. उशीर का, तर कबर ढासळली. तीनदा सांगावं लागलं, तेव्हा कुठे तो बोलला, आणि रडत बोलला: पूर्वीचे लोक कबरींची डागडुजी करत नसत, असं मी ऐकलंय.

आज दरवर्षी ५ एप्रिलच्या आसपास चिनी कुटुंबं नेमकी हीच डागडुजी करतात. गवत उपटतात, माती सारखी करतात, अन्न ठेवतात, कागदी पैसे जाळतात. मग शास्त्रात नसलेली ही रीत आली कुठून?

छिंगमिंग म्हणजे स्वच्छ, उजळ. मुळात हे वर्षाच्या २४ सौर टप्प्यांपैकी एकाचं नाव. वसंतसंपातानंतर साधारण १५ दिवसांनी येणारं, शेतकऱ्याच्या उपयोगाचं. आपली संक्रांत सूर्यावर चालते, तसंच हे. पितरांचा त्याच्याशी संबंध नव्हता. तो आला शेजारच्या दिवसाकडून. त्या दिवसाचं नाव हान्शी, म्हणजे थंड अन्न.

हान्शीची कथा शान्शी प्रांतातली. जिन राज्याचा राजपुत्र छोंग-अर १९ वर्षं परागंदा होता. उपासमारीत जिए त्सितुई या सेवकाने स्वतःच्या मांडीचं मांस शिजवून त्याला खाऊ घातलं. इसवी सनपूर्व ६३६ मध्ये राजपुत्र गादीवर बसला, बक्षिसं वाटली, जिएला विसरला. जिए आईला घेऊन डोंगरात गेला. त्याला बाहेर काढायला राजाने जंगल पेटवलं, तर मायलेक जळून मेले. म्हणून त्या दिवशी विस्तव नाही. जुन्या 'त्स्वो-झ्वान' या इतिहासग्रंथात मात्र आगही नाही आणि मांडीही नाही. जिए निघून जातो, राजाला तो सापडत नाही, एवढंच. आग लोकांनी नंतर घातली. मला ती भर मोलाची वाटते, कारण राजाचा अपराध लोकांना तेवढा मोठा वाटला होता.

आणि लोकांनी तो अपराध अंगावर घेतला. शान्शीच्या कडाक्याच्या थंडीत ते दिवसच्या दिवस चूल पेटवत नसत. म्हातारी माणसं, लेकरं गारठून मरत. एका सुभेदाराने जिएच्या देवळात जाऊन विनवणी केली. पुढे इसवी सन २०६ मध्ये त्साव त्साव या बलाढ्य सेनापतीने बंदीच घातली. मोडली तर घरच्या कर्त्याला सहा महिने शिक्षा. प्रथा तरीही टिकली, पसरली, आणि तिच्या सुट्टीत लोक कबरींवर जाऊ लागले.

या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं साल माझ्या मते ७३२. थांग घराण्यातला सम्राट श्वेनझोंग याच्या त्या वर्षीच्या फर्मानात सरळ कबुली आहे: हान्शीला कबरीवर जाणं विधिग्रंथांत नाही, पण अलीकडे ती रूढी झाली आहे. आणि पुढे कारण दिलंय. पितरांचं देऊळ बांधायचा हक्क दर्जाप्रमाणे असे, सामान्य घरांना तो नव्हता. मग त्यांनी आईबापांविषयीची माया दाखवायची कुठे? म्हणून कबरीवर जाण्याची परवानगी. ज्याला देऊळ नाही, त्याला मातीचा ढिगारा! लोकांनी आधी केलं, सम्राटाने मागून मान्य केलं.

पुढे हान्शी छिंगमिंगमध्ये विरून गेला. १९७६ च्या छिंगमिंगला बीजिंगच्या तिआनमेन चौकात त्याच वर्षी वारलेले पंतप्रधान चौ एन लाय यांच्यासाठी लोकांनी फुलांची चक्रं आणली; ती रातोरात हलवली गेली आणि लोक खवळले. २००८ पासून चीनमध्ये या दिवशी सरकारी सुट्टी आहे.

यांगत्सीच्या दक्षिणेला या दिवसांत छिंगत्वान करतात. कोवळ्या पाल्याच्या रसाने हिरवेगार केलेले, चिकट तांदळाच्या पिठाचे, आत गोड सारण असलेले गोळे. आधीच वाफवून ठेवायचे आणि गारच खायचे.