तिकीट स्वस्त, जमीन उधार

मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी विचारलं होतं, "ज्यांच्या राज्यावर सूर्य मावळत नव्हता, त्यांची माणसं परदेशात जाऊन कंगाल कशी होतील?" आजचं बोलणं त्यावरच. आपण इंग्रज म्हटलं की कलेक्टर पाहतो. मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते शेतमजूर होते, गिरण्या-खाणींतून बेकार झालेले होते.

पहिलं महायुद्ध संपलं आणि ब्रिटनमध्ये दहा लाखांवर लोक कामाविना बसले. तिकडे कॅनडाच्या प्रेअरीत, म्हणजे मॅनिटोबा, सस्कॅचवान आणि अल्बर्टाच्या गवताळ सपाटीवर, जमीन होती आणि माणसं हवी होती. १९२२ साली ब्रिटिश पार्लमेंटने साम्राज्य-वसाहतीचा कायदा केला. अशा स्थलांतरासाठी वर्षाला ३० लाख पौंडांपर्यंत खर्चाची मुभा ठेवली. दोन वर्षांनी कॅनडाशी करार झाला, ३,००० कुटुंबं पाठवायची. बोटीचं तिकीट स्वस्तात, शेत कॅनडा सरकारकडून हप्त्याने, आणि गुरं-अवजारांसाठी ब्रिटनकडून ३०० पौंडांपर्यंत कर्ज. सगळी प्रेअरीत गेली नाहीत, पण मोठा भाग तिकडेच गेला.

आता ही शेतं आली कुठून ते बघा. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना कॅनडा सरकारने एक मंडळ नेमून कर्जाने जमिनी दिल्या होत्या, त्याही भाव चढलेले असताना. गव्हाचा भाव कोसळला, सैनिकांनी हात टेकले, जमिनी त्या मंडळाकडे परत आल्या. त्यातलीच बरीच शेतं या नव्या कुटुंबांच्या पदरात पडली. एकाने सोडलेलं आजारी जनावर दुसऱ्याच्या दावणीला बांधावं, तसा हा प्रकार. आणि नंतर अहवाल काय म्हणणार? माणसं चिवट नव्हती.

प्रेअरीत जमिनीचा हिशोब १६० एकरांच्या तुकड्याने चालतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवरूनही लोक आले. १९२६ मध्ये अल्बर्टात क्लॅनडोनाल्ड नावाची वसाहत वसली, ती फादर अँड्र्यू मॅकडोनेल यांच्या खटपटीने. बेटावर यांच्या वाट्याला असायचे चार-पाच एकर, थोड्या मेंढ्या, बाकी समुद्र. इथे एकदम १६० एकर आणि क्षितिजापर्यंत दगडाचा आडोसा नाही. थंडीत पारा उणे ४० पर्यंत जातो. दंव गोठल्याविना, कडाक्याविना उरतात ते जेमतेम शंभर-सव्वाशे दिवस. त्यातच पेरा आणि कापणी.

पावसाचं बोलू. दक्षिण सस्कॅचवानात वर्षाकाठी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास, त्यात वितळलेलं बर्फही आलं. आपल्या माणदेशाहून कमीच. जॉन पॅलिसर नावाच्या माणसाने १८५७ ते १८६० या काळात तो मुलूख पाहून सांगितलं होतं, की दक्षिणेचा त्रिकोणी पट्टा शेतीच्या कामाचा नाही. मग काही वर्षं पाऊस बरा झाला, रेल्वे आली आणि पॅलिसरचं म्हणणं बाजूला पडलं.

इथे मला थोडं थांबायचंय. शहरी माणसं, नांगर धरता येत नव्हता, म्हणून बुडाली, असं सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. कारण जे चांगले शेतकरी होते, त्यांनीही तीच चूक केली आणि ती त्यांना शिकवलेली होती. कमी पावसाच्या मुलखात एक वर्ष पेरायचं, एक वर्ष रान पडीक ठेवायचं. पडीक रानात तण उगवू द्यायचं नाही, सारखं कुळवत राहायचं, वरची माती पिठासारखी झाली की ओल टिकते. काळंभोर, एक काडी न दिसणारं रान म्हणजे मेहनती शेतकऱ्याची खूण. १९३० नंतर दुष्काळ लागला, वारा सुटला आणि ते पीठ उडालं. ज्याचं रान जितकं स्वच्छ, तितकं आधी उडालं.

घरात काय व्हायचं? खिडक्यांना ओल्या चादरी लावायच्या. ताटं टेबलावर पालथी ठेवायची आणि जेवण वाढतानाच सुलटी करायची. दिवसा कंदील. ५ जुलै १९३७ ला सस्कॅचवानच्या दोन गावांत ४५ अंश तापमान नोंदलं गेलं. त्या वर्षी त्या प्रांतात गव्हाचा उतारा एकरी २.७ बुशेल, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलो. बियाणंच एकरी पंचवीस-तीस किलो पडतं.

आणि कर्ज? ३०० पौंड म्हणजे साधारण १,४५० डॉलर. १९२५ च्या आसपास गहू दीड डॉलर बुशेल होता, तेव्हा ते हजाराच्या आतबाहेर बुशेलांत फिटलं असतं. १९३२ च्या डिसेंबरात विनिपेगच्या धान्यबाजारात भाव ४० सेंटांच्या खाली गेला. तेच कर्ज साडेतीन हजारांवर बुशेलांचं झालं, वाहतूक वेगळी. मदत मागावी, तर देशात पाच वर्षं पुरी न झालेल्याला सरकारी मदतीवर पडला म्हणून परत पाठवता येत होतं. म्हणून अनेकांनी मागितलीच नाही.

मदत म्हणून पूर्वेकडून वाळवलेला कॉड मासाही यायचा. प्रेअरीतल्या बायकांना तो शिजवायचा कसा हे कळेना. छपराला ठोकला म्हणून अजून विनोद सांगतात. एखाद्या मालवणी बाईला दिला असता, तर तिने रात्रभर भिजत घालून दुसऱ्या दिवशी पंगत उठवली असती.

बरेच जण उत्तरेच्या झाडीकडे सरकले, काही परतले. मागे राहिलेल्यांसाठी १९३५ मध्ये सरकारने पुनर्वसनाची यंत्रणा उभी केली. शेततळी, पट्टा-पेरणी, म्हणजे एक पट्टा पेरायचा आणि शेजारचा पडीक ठेवायचा. याच सुमारास अल्बर्टातल्या चार्ल्स नोबल यांनी एक पातं बनवलं. हे गृहस्थ कधीकाळी हजारो एकर गहू करत, आणि १९२२ मध्ये कर्जापायी त्यांचं सगळं गेलं होतं. ते पातं जमिनीच्या आतून चालतं, तणाची मुळं कापतं आणि वरची गव्हाची खोडं जशीच्या तशी उभी ठेवतं. रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं, या माणसाने यंदा रानाला हातच लावलेला नाही.