बरं वाटतंय तेव्हाचं औषध

(दृश्य: गुहागर तालुक्यातली एक वाडी. उतारावरच्या शेतातून धूर वर चढतोय.)

निवेदन:

फाल्गुन-चैत्रात कोकणात भाजावळ सुरू होते. कवळ, शेण, पातेरा रचून तरव्याची, म्हणजे भाताची रोपं करायची, जमीन भाजतात आणि धूर सकाळभर वाडीवर रेंगाळतो. पुढे मृग लागला की ओल घरात शिरते, ती नवरात्रापर्यंत हलत नाही. भिंतींना बुरशी, गोधड्यांना कुबट वास, चुलीत धुमसणारी ओली लाकडं. दमेकऱ्याचं वर्ष एका त्रासातून दुसऱ्या त्रासात असं सरकत असतं.

पण दमा काही धुरासोबत येत नाही आणि पावसासोबत जातही नाही. दमेकऱ्याच्या श्वासनलिकांना आतून सूज असते. धूर, धूळ, बुरशी, साधी सर्दी, काहीही निमित्त झालं की नलिकेभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो. घेतलेली हवा बाहेर टाकता येत नाही, छाती वाजू लागते. बऱ्याच जणांना हे पहाटे होतं. सकाळी उतार पडतो, माणूस कामाला लागतो. सूज मात्र तिथेच असते.

म्हणूनच औषधं दोन तऱ्हेची. सॅल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू सैल करतं, काही मिनिटांत दम बसतो. सुजेला ते हात लावत नाही. सूज उतरवतं ते ब्युडेसोनाइडसारखं श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड, आणि ते डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस, बरं वाटत असतानाही घ्यावं लागतं. आपल्याकडे नेमकं हेच सुटतं. ‘आता काय होत नाही’ म्हणून पंप फडताळात जातो. दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणाऱ्या ‘जिना’ या जागतिक गटाने २०१९पासून स्पष्ट सांगितलंय की मोठ्या माणसांना आणि वयात आलेल्या मुलांना नुसत्या सॅल्ब्युटामॉलवर ठेवू नये. ते सारखं लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

(दृश्य: पडवीत बसलेल्या काकी. हातात रोटाहेलर, म्हणजे कॅप्सूलमधली पावडर श्वासातून ओढायचं यंत्र.)

काकींचे हात बघा. कॅप्सूल पाकिटातून आत्ता काढली, कारण इथल्या दमट हवेत पावडर ओल धरते. ती यंत्रात बसवली, फिरवली. श्वास सोडला तो तोंड बाजूला करून, यंत्रात नाही. मग यंत्राच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून एका दमात जोराने आत ओढला आणि दहा आकडे होईपर्यंत धरून ठेवला. शेवटी खळखळून चूळ भरली, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. काहीजण ही कॅप्सूल पाण्यासोबत गिळतात, ती छातीपर्यंत पोचत नाही. दाबायच्या पंपाची रीत उलटी: श्वास सावकाश ओढायचा. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना त्याला स्पेसर, म्हणजे औषध धरून ठेवणारी पोकळ नळी, लावून द्यावा.

‘पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी.’ हे वाडीवाडीत ऐकू येतं आणि ऐकून जीव तुटतो. सॅल्ब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची असते, पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे गोळीचा चाळिसावा भाग, आणि तोही थेट श्वासनलिकेत. गोळी सगळ्या अंगात फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाची सवय लागत नाही, दमा दीर्घकाळ चालणारा आजार आहे म्हणून औषध चालू राहतं.

(दृश्य: गणपतीआधीचं घर. दारं उघडताहेत.)

चाकरमान्यांची बंद घरं चतुर्थीला उघडतात, आणि मुंबईहून आलेलं दमेकरी पोर पहिल्याच रात्री जुन्या गादीवर खोकत उठून बसतं. कुणीतरी दोन दिवस आधी येऊन घर उघडावं, हवा खेळू द्यावी. केरसुणीने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावं, पोराला तेवढा वेळ शेजारी पाठवावं. चादरी, अभ्रे कडकडीत पाण्यातून काढावेत. धूप आरतीपुरता, फटाके लांब. आणि रोजचा पंप मुंबईत विसरून चालणार नाही. शक्य असेल तिथे चुलीऐवजी गॅस, निदान धूर बाहेर जायला वाट हवीच.

(दृश्य: रात्र. रस्त्यावर रुग्णवाहिकेचा दिवा.)

एक वाक्यही पुरं बोलता येत नाही, ओठ-नखं निळसर होताहेत, पंप घेऊनही उतार नाही: अशा वेळी सकाळची वाट पाहू नका. १०८ला फोन लावा. गाडी येईपर्यंत माणसाला आडवं करू नका, ताठ बसवा, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आराम देणारा पंप स्पेसरमधून एकेक दाब देत राहा. घरात वापरात असलेले सगळे पंप पिशवीत घालून सोबत न्या. काय चालू होतं हे दवाखान्यात लगेच कळतं.