मुलींना सामने द्या: भारताच्या वीस वर्षांखालील रग्बी संघाविषयी

ऑगस्ट २०२५ मध्ये बिहारमधल्या राजगीरला वीस वर्षांखालील मुलामुलींची आशियाई रग्बी सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीची, स्पर्धा झाली. आपल्या मुलींनी तिथे उझबेकिस्तानला १२-५ असं हरवून कांस्यपदक मिळवलं. दोन दिवस बातम्या आल्या, कौतुक झालं आणि विषय मागे पडला. मला आज तो पुन्हा पुढे आणायचा आहे. १२-५ हा गुणफलक सावकाश वाचला, तर या संघाकडे काय आहे आणि काय कमी पडतंय हे दोन्ही त्यात दिसतं.

सेव्हन्सचा सामना सात-सात मिनिटांच्या दोन सत्रांचा असतो. समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीवर टेकवला की ट्राय, त्याचे पाच गुण; त्यानंतर गोलखांबांमधून मारायच्या कन्व्हर्जन किकचे दोन. म्हणजे आपल्या बारा गुणांत दोन ट्राय आणि एक किक, तर समोरच्यांचा एक ट्राय आणि तोही किकविना. चौदा मिनिटांत मिळून तीनच ट्राय. सेव्हन्समध्ये पाच-सहा ट्राय सहज होतात, त्या मानाने हे फार कमी आहेत. हा सामना बचावाने जिंकून दिला.

तो बचाव किती अवघड आहे ते बघा. मैदान पंधरा जणांच्या रग्बीचंच, सत्तर मीटर रुंद आणि गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत शंभर मीटर लांब. त्यावर प्रत्येक बाजूने फक्त सात जणी. त्यातली एक स्वीपर म्हणून मागे राहते. उरलेल्या सहा जणींनी सत्तर मीटर अडवायचे, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला जवळजवळ बारा मीटर. एकीने चुकीच्या क्षणी दोन पावलं आत टाकली की बाहेरून वाट मोकळी. शिवाय ही स्पर्धा दोन दिवसांत उरकते. दिवसाला दोन-तीन सामने, आणि पदकाचा सामना सगळ्यात शेवटी, पाय जड झालेले असताना. तशा वेळी संपूर्ण सामन्यात एकच ट्राय देणं ही मोठी गोष्ट आहे. या वयात एवढी शिस्त येते ती कुणीतरी मन लावून शिकवल्यामुळेच.

आता दुसरी बाजू: आपलेही ट्राय दोनच. सेव्हन्समध्ये ज्या संघाने गुण मिळवले तोच पुन्हा किक मारून खेळ सुरू करतो. त्या किकला रीस्टार्ट म्हणतात. पंधरा जणांच्या खेळात उलट असतं, तिथे गुण खाल्लेला संघ किक मारतो. या एका नियमाने सेव्हन्सचं सगळं गणित बदलतं. तुम्ही ट्राय केला, किक उंच मारली, चेंडू दहा मीटरच्या रेषेपलीकडे जेमतेम पडला आणि तुमच्याच मुलीने उडी मारून तो परत घेतला, तर समोरच्या संघाला चेंडू हातीच लागत नाही. बलाढ्य संघ लागोपाठ तीन-तीन ट्राय करतात ते असे. म्हणून ही ड्रॉप-किक, म्हणजे हातातला चेंडू जमिनीवर टेकताच मारायची किक, घोटून घ्यावी लागते. चेंडू हवेत इतका वेळ राहिला पाहिजे की धावत जाणारी मुलगी त्याच्याखाली पोहोचेल. तो लांब गेला तर समोरच्यांना आयताच मिळतो, आणि दहा मीटरच्या आत पडला तर त्यांना फ्री किक मिळते.

आपल्याकडे हे कौशल्य अजून कच्चं आहे. कारण साधं आहे: बहुतेक मुली पंधरा-सोळाव्या वर्षी या खेळात येतात, आणि चेंडू जमिनीवर टेकवून लगेच लाथाडण्याची सवय पायाला लहानपणीच लागावी लागते. धावणं, भिडणं उशिरा शिकता येतं. किक उशिरा शिकणं फार जड जातं. माझ्या मते वीस वर्षांखालच्या संघासाठी वर्षभर काम करणारा एक स्वतंत्र किकिंग कोच ही पहिली गरज आहे. परदेश दौऱ्यापेक्षाही आधी.

या मुली येतात कुठून? भुवनेश्वरच्या कलिंगा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये आदिवासी मुलं हा खेळ खेळत मोठी झाली. तिथल्या मुलांनी २००७ मध्ये लंडनला चौदा वर्षांखालची आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकली, आणि पुढे मुलीही तिथूनच भारतीय संघात आल्या. बिहारच्या बाढची स्वीटी कुमारी धावण्याच्या शर्यती सोडून रग्बीत आली, आणि २०१९ मध्ये स्क्रमक्वीन्स या महिला रग्बीच्या संकेतस्थळाने तिला जगातली सर्वोत्तम युवा खेळाडू ठरवलं. आपल्या पुण्याच्या वहबिझ भरुचाने भारतीय संघाचं नेतृत्व केलं. बाकी बऱ्याच जणी अॅथलेटिक्समधून येतात किंवा कबड्डीतून.

कबड्डीतून आलेल्या मुलींबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण महाराष्ट्रातल्या प्रशिक्षकांना हे रोज भेटणारं आहे. कबड्डी खेळलेल्या मुलीला अंगाला अंग भिडण्याची भीती नसते. ही भीती घालवण्यात इतर देशांतल्या प्रशिक्षकांचे महिने जातात, आपल्याला ते फुकट मिळतं. पण पकडीची सवय आडवी येते. कबड्डीत चढाई करणारीला धरलं की सोडायचं नाही, दम तुटेपर्यंत दाबून ठेवायचं. रग्बीत टॅकल करून पाडलं की लगेच सोडायचं, उठायचं, आणि पायावर उभं राहूनच चेंडूसाठी झगडायचं. नव्या मुली इथे हमखास फसतात. टॅकल छान बसतो, समोरची आडवी होते, आणि आपली मुलगी तिला घट्ट धरून तशीच जमिनीवर पडून राहते. शिट्टी वाजते, पेनल्टी. तिला कळतच नाही की आपलं चुकलं काय. पुन्हापुन्हा झालं तर पिवळं कार्ड, म्हणजे दोन मिनिटं बाहेर. चौदा मिनिटांच्या सामन्यात दोन मिनिटं सहा जणींनी खेळायचं म्हणजे एक ट्राय गेलाच समजा.

डोक्याचंही तसंच. कबड्डीतली चढाई करणारी थांबत, हुलकावण्या देत येते. रग्बीतली वीस मीटर धाव घेऊन पूर्ण वेगात अंगावर येते. टॅकल करताना डोकं तिच्या समोर आलं तर गुडघा किंवा कंबरेचं हाड थेट कपाळावर बसतं. म्हणून डोकं नेहमी तिच्या मागच्या बाजूला, गाल तिच्या कुल्ल्याला चिकटलेला, नजर वर. हे चालत्या गतीने, मग हलक्या धावेने, मग वेगाने, असं पायरीपायरीने घोटून घ्यावं लागतं. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका जरी आली तरी मुलीला त्याच क्षणी बाहेर काढायचं आणि त्या दिवशी पुन्हा उतरवायचं नाही. ‘मला बरं वाटतंय सर’ असं ती म्हणेल. तिचं ऐकायचं नाही. पालकांना हे मुद्दाम सांगतो: तुमच्या मुलीचा प्रशिक्षक हे पाळत नसेल तर तिला त्या मैदानावर पाठवू नका.

आता प्रशिक्षणाच्या मुख्य अडचणीकडे येतो. आपल्याकडे राष्ट्रीय युवा संघ घडतो तो शिबिरात. निवड चाचणी होते, मुली एकत्र येतात, काही आठवडे सकाळ-संध्याकाळ सराव होतो, संघ स्पर्धेला जातो, परत येतो आणि पांगतो. शिबिरात फिटनेस वाढतो, चाली पाठ होतात. पण रग्बीतला निर्णय शिबिरात शिकता येत नाही. आपली मुलगी टॅकल होऊन पडली, तर तिच्यावरून चेंडू राखायला एकीने जायचं की दोघींनी? दोघी गेल्या तर चेंडू वाचतो, पण पुढची चाल खेळायला उभ्या राहतात चारच जणी. एकच गेली तर चेंडू हिसकावला जाऊ शकतो. हे अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं, धाप लागलेली असताना, अनोळखी प्रतिस्पर्ध्यासमोर. रोज त्याच मैत्रिणींविरुद्ध खेळून ते येत नाही, त्यांच्या खोड्या तिला पाठ असतात. त्यासाठी सामनेच लागतात, आणि तेही भरपूर.

परदेशी प्रशिक्षक आले, त्यांचा फायदाही झाला. दक्षिण आफ्रिकेचे नास बोथा यांच्या काळात आपल्या महिलांनी २०१९ मध्ये मनिलाला सिंगापूरवर २१-१९ अशी मात केली. पंधरा जणींच्या खेळातला तो आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय, आणि या प्रकारात आपण उतरलो होतो त्याच्या आदल्याच वर्षी. पुढे फिजीचे वायसाले सेरेवी सेव्हन्ससाठी आले. १९९७ आणि २००५ चे सेव्हन्स विश्वचषक जिंकलेला हा माणूस, या खेळात त्यांच्याहून मोठं नाव काढणं कठीण. पण कितीही मोठा प्रशिक्षक असला तरी त्याच्या हातात मुलगी येते ती शिबिरापुरती. तिच्या हाताला चेंडूची ओळख होते ती शाळेच्या मैदानावर, क्रीडाशिक्षकाकडून. त्या शिक्षकाला वर्षातून एकदा तरी राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या सरावाला आठवडाभर उभं राहता आलं पाहिजे. खर्च म्हणाल तर प्रवास आणि राहण्याचा.

युवा संघाच्या यशावरून पुढचं भाकीत करता येतं का, असं मला नेहमी विचारतात. फ्रान्सचं उदाहरण घ्या. त्यांच्या वीस वर्षांखालील मुलांनी २०१८ आणि २०१९ मध्ये लागोपाठ जागतिक अजिंक्यपद जिंकलं. २०१८ च्या संघातला रोमाँ एन्तामाक २०२२ मध्ये सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या वार्षिक स्पर्धेचे पाचही सामने जिंकणाऱ्या मुख्य संघात होता. पण मधली चार वर्षं ती मुलं घरी बसलेली नव्हती. फ्रेंच लीगने २०१० च्या सुमारास नियम केला होता की प्रत्येक क्लबने फ्रान्समध्ये घडलेले ठराविक खेळाडू संघात ठेवलेच पाहिजेत. त्यामुळे वीस-एकवीस वर्षांच्या पोरांना जवळजवळ दर शनिवारी कसलेल्या माणसांविरुद्ध मैदान मिळालं. अजिंक्यपदाने दाखवलं की मुलांत दम आहे, आणि त्यांना घडवलं ते त्या शनिवारांनी.

आपल्याकडे हे मधलं अंतर अजून रिकामं आहे. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊच्या आशियाई खेळांत आपल्या महिलांना जपान आणि हाँगकाँगविरुद्ध एकही गुण मिळवता आला नाही, आणि सुवर्ण चीनने जपानला अवघ्या एका गुणाने हरवून घेतलं. राजगीरच्या मुलींना पुढे जायचंय ते या संघांसमोर. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग सुरू झाली. सहा संघ, जगभरातले सेव्हन्सचे नामवंत, त्यांच्या बरोबरीने खेळणारी आपली मुलं. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण पहिला हंगाम फक्त पुरुषांचा होता, आणि आशियात पदकं आणत होत्या मुली. महिलांची लीग ‘पुढे कधीतरी’ म्हणून टाळण्यासारखी गोष्ट नाही. चार संघ, दोन आठवडे, प्रत्येक संघात चीन-जपानच्या दोन-तीन खेळाडू, एवढ्यानेही सुरुवात होईल.

तोवर राज्य संघटनांना करण्यासारखं बरंच आहे. एकवीस ते तेवीस या वयात मुली गळतात. पदवी होते, घरी लग्नाचा विषय निघतो, नोकरी शोधावी लागते, आणि युवा गटातून बाहेर पडलेल्या मुलीला खेळायला स्पर्धाच नसते. बिहारने ‘मेडल लाओ, नौकरी पाओ’ योजना आणून नोकरीचा प्रश्न थेट हातात घेतला, आणि त्या राज्यातून मुली टिकताना दिसतात याचं मला नवल वाटत नाही. पण ती नोकरी पदकानंतरची आहे. निवड हुकलेल्या विसाव्या-पंचविसाव्या क्रमांकाच्या मुलीलाही महिन्यातून दोनदा सामना मिळायला हवा, कारण दुखापत झाली की तिलाच बोलावणं येतं. पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर असं फिरतं वेळापत्रक लावलं, दर दुसऱ्या रविवारी एका ठिकाणी चार संघ बोलावले, तर दिवसात प्रत्येकीचे तीन सामने होतात. मैदान शाळेचं चालेल. फक्त एक रुग्णवाहिका आणि एक डॉक्टर ठेवा, रेफ्री प्रशिक्षित ठेवा, आणि येत्या हंगामाच्या तारखा आधीच जाहीर करा, म्हणजे मुलींना परीक्षा सांभाळून येता येईल.