फॉर्म भरायच्या आधी

नमस्कार श्रोतेहो.

भरतीची जाहिरात निघाली की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "जागा किती?" आणि दुसरा, "शेवटची तारीख कधी?" जाहिरातीत लिहिलंय काय, हे फार कमी जण विचारतात. चाळीस-पन्नास पानांची पीडीएफ कोण वाचणार! मग मित्र सांगेल ते खरं, नाहीतर सायबर कॅफेतला पोरगा भरेल ते खरं.

मी काही वर्षं कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर बसलोय. एक मुलगी अजून डोळ्यासमोर आहे. लेखीत चांगले गुण, प्लास्टिकच्या फाइलमध्ये सगळे कागद क्रमानं लावलेले, झेरॉक्सचे दोन संच, सोबत वडील. नॉन क्रिमी लेयरचा दाखला, म्हणजे ओबीसी वगैरे आरक्षणासाठी घर संपन्न गटात मोडत नाही हे सांगणारा कागद, उलटून पाहिला, तर तो अर्जाची मुदत संपल्यानंतर अकरा दिवसांनी दिलेला. "सर, पण आता आहे ना माझ्याकडे," ती म्हणाली. होता खरा. पण त्या जाहिरातीला तो मुदतीच्या दिवशी हातात असायला हवा होता. खुल्या प्रवर्गात धरलं तर तिचे गुण दीडनं कमी पडत होते. वडील काही बोलले नाहीत, फाइलचं बटण लावत बसले.

गोम अशी आहे की ऑनलाइन अर्ज करताना पुष्कळदा दाखला दाखवावाच लागत नाही. फक्त "आहे का?" असं विचारतात, आपण "होय"वर टिचकी मारतो आणि पुढे जातो. ती टिचकी म्हणजे तुमचा दावा. तो तपासला जातो सहा-आठ महिन्यांनी, परीक्षा झाल्यावर.

दाखल्यांचंच आणखी थोडं सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. नॉन क्रिमी लेयरची उत्पन्नाची मर्यादा 2017 पासून वर्षाला आठ लाख आहे. ईडब्ल्यूएसची, म्हणजे इतर आरक्षण नसलेल्या आर्थिक दुर्बल घटकांची मर्यादाही आठ लाखच. आकडा एक, म्हणून लोक हिशोबही एकच समजतात. तसं नाही. नॉन क्रिमी लेयरसाठी आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या आठ लाखांत धरत नाहीत. त्यांचं पद कोणत्या वर्गाचं आहे ते वेगळं पाहतात. ईडब्ल्यूएसला मात्र पगार, शेती, धंदा सगळं एकत्र मोजतात, आणि तेही अर्जाच्या आदल्या आर्थिक वर्षाचं.

दुसरं, राज्याचा दाखला वेगळा आणि केंद्राचा वेगळा. राज्यात धनगर समाज भटक्या जमाती-क मध्ये, वंजारी भटक्या जमाती-ड मध्ये. हीच मुलं रेल्वेचा किंवा बँकेचा फॉर्म भरायला बसली की तिथं भटक्या जमातीचा रकानाच नसतो, कारण केंद्राच्या यादीत हे समाज ओबीसीत येतात. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला तहसीलमधून वेगळा काढावा लागतो. जाहिरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आत्ताच, निवांत असताना अर्ज टाकून ठेवा. भरतीच्या हंगामात सेतू केंद्रात उभं राहिलेल्याला मी हे वेगळं सांगायला नको.

आता नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पदवीवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. मुलींना तर लग्नानंतर दोन-दोन नावं सांभाळावी लागतात. अर्जात दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे नाव टाकलेलं बरं, आणि नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत फाइलमध्ये हवीच. नवऱ्याचं नाव लावलं म्हणून मुलींनीच का पळापळ करायची, हा प्रश्न रास्त आहे. पण पडताळणीच्या टेबलावर तो सुटत नाही.

वयाचं थोडक्यात. राज्य शासनाच्या बऱ्याच पदांना खुल्या गटासाठी 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43 ही कमाल मर्यादा असते. पण पोलीस भरतीचे, केंद्राचे, बँकांचे आकडे निराळे. आणि वय अर्ज भरल्याच्या दिवशी मोजत नाहीत, जाहिरातीत दिलेल्या तारखेला मोजतात. एका दिवसानं बाद झालेले मी पाहिलेत.

बँकांच्या भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या अर्जात एक गंमत असते. डाव्या अंगठ्याचा ठसा आणि स्वतःच्या हातानं इंग्रजीत लिहिलेलं घोषणापत्र स्कॅन करून जोडायचं. सही काळ्या शाईनं, आणि कॅपिटल अक्षरांत नाही. आपली मुलं सुवाच्य दिसावी म्हणून नेमकी कॅपिटलमध्येच सही करतात!

फी भरताना पैसे खात्यातून गेले आणि पावती आली नाही, तर अर्ज झाला असं धरू नका. पुन्हा लॉगिन करून स्थिती बघा. हे शेवटच्या रात्री साडेअकराला करायचं काम नव्हे, तेव्हा वेबसाइटही दमलेली असते.

आणि कॅफेत फॉर्म भरून घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, त्या पोरांचा हात आपल्यापेक्षा सराईत असतो. फक्त सबमिट करायच्या आधी खुर्चीवर स्वतः बसा, प्रत्येक रकाना वाचा, प्रिंट काढा. मोबाइल नंबर आणि ईमेलच्या रकान्याकडे दोनदा बघा. घाईत तिथं कॅफेवाल्याचाच नंबर पडलेला असतो, आणि मग तुमच्या हॉलतिकिटाचा मेसेज त्याच्या फोनवर जातो.