उसाच्या फडातून आलेलं कॉलेज
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचं संपादित शब्दांकन)

मित्रमैत्रिणींनो, आज सकाळपासून आपण सगळे आठवणीच काढतोय. त्यात मी आणखी भर घालत नाही. मी बरीच वर्षं टोरांटोत राहिले आणि तिथल्या एका मेळाव्याने मला आपल्या या कॉलेजबद्दल विचार करायला लावलं. त्याबद्दल बोलते.

आमचे शेजारी मूळचे वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावरचे. सान फर्नांडो गावातल्या नापारिमा कॉलेजात शिकलेले. तिकडे अशा माध्यमिक शाळांनाही कॉलेज म्हणतात. तिथले जुने विद्यार्थी टोरांटोत जमायचे, शेजारच्या मुलींच्या नापारिमा हायस्कूलमधल्या बायकाही यायच्या. एकदा ते मला सोबत घेऊन गेले.

जेवणाआधी डबल्स आले. हळद घातलेल्या मैद्याच्या दोन मऊ तळलेल्या चपात्या, त्यांना ते 'बारा' म्हणतात. मध्ये चण्याची पातळसर उसळ, वर चिंचेची चटणी आणि मिरचीचं जाळ तिखट. कागदातून खायचं. सत्तरी ओलांडलेले डॉक्टर, वकील, इंजिनिअर सूट घालून आलेले, पण टायवर रस्सा सांडू नये म्हणून सगळे कमरेत वाकून, हात पुढे काढून खात होते. शाळेच्या फाटकाबाहेर सायकलवरच्या पेटीतून डबल्स विकणाऱ्याची आठवण निघाली, मग प्रेझेंटेशन कॉलेजबरोबरच्या फुटबॉलच्या मॅचेस, इंग्लंडहून येणारे केंब्रिजचे पेपर, मास्तरांच्या छड्या, आणि १९६८ साली कायमची बंद झालेली ती आगगाडी. हे सगळं कुठल्याही मेळाव्यात होतं. मलाही मजा येत होती.

मग एक बाई बोलायला उठल्या. १९६०च्या आधी, माध्यमिक शिक्षण मोफत होण्यापूर्वी शिकलेल्या, म्हणजे फी भरून. त्या म्हणाल्या, माझी आजी उसाच्या मळ्यात कामाला होती, अक्षरओळख नाही. फी भरायला ती स्वतः यायची. ऑफिसमधल्या कारकुनाकडून पावती दोनदा मोठ्याने वाचून घ्यायची. नाव बरोबर आहे ना, रक्कम बरोबर आहे ना. मळ्यावर हजेरीत तिला इतक्यांदा फसवलं होतं की कागदावर तिचा विश्वास नव्हता. मला तिची लाज वाटायची, असं त्या बाई म्हणाल्या, आणि आज मी उभी आहे ती तिच्यामुळे.

सभागृहात बराच वेळ कोणी बोललं नाही. मला तो इतिहास वाचून माहीत होता, पण त्या पावतीने तो समोर उभा केला.

१८४५ ते १९१७ या काळात सुमारे १,४४,००० माणसं हिंदुस्थानातून त्रिनिदादला नेली गेली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची, कलकत्त्याला बोटीत चढलेली. पाच वर्षांचा करार, काम उसाच्या मळ्यात. गुलामगिरी संपली होती आणि मळेवाल्यांना हात हवे होते. या मजुरांच्या पोरांना शिकवावं असं फारसं कोणाच्या मनात नव्हतं. १८६८ साली जॉन मॉर्टन आणि १८७० साली केनेथ ग्रँट हे कॅनडाचे, प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी तिथे गेले, दोघेही नोव्हा स्कोशियाकडचे. त्यांनी मळ्यांजवळ प्राथमिक शाळा काढल्या, हिंदी शिकून घेतली. आणि १८९४ मध्ये ग्रँट यांनी नापारिमा सुरू केलं. मुलींची शाळा १९१२ची. पुढे देशाचे राष्ट्रपती झालेले नूर हसनअली इथलेच विद्यार्थी आणि इथलेच शिक्षक. लेखक सॅम सेल्व्हनही इथलेच. कॅनडातून त्रिनिदादला गेलेल्या त्या दोघांच्या शाळेतली मुलं आता कॅनडात जमून त्यांचं नाव घेत होती, हे मला फार भावलं.

पण मला सर्वांत जास्त आदर वाटला तो पुढच्या बोलण्याचा. आमचे शेजारी हिंदू, आणि त्यांनी या शाळेची दुसरी बाजू उघड मांडली. मिशन धर्म द्यायला आलं होतं, शिक्षण हा त्याचा रस्ता होता. शाळामास्तर व्हायचं तर बाप्तिस्मा घेतलेल्याची वाट सोपी. त्यांच्या सख्ख्या काकांनी तो घेतला, आणि त्यावरून घरात अनेक वर्षं बोलणं बंद होतं. हिंदू संस्थेच्या शाळा पन्नाशीच्या दशकात निघाल्या, तोवर दुसरा पर्याय कुठे होता? हे सांगून ते म्हणाले, "तरीही मी ग्रँटसाहेबांचा ऋणी आहे. आणि काकांचा अबोलाही विसरलो नाही. दोन्ही खरं आहे." तिथे प्रेस्बिटेरियन मंडळीही पुष्कळ होती. त्यांच्यातल्या एका वृद्ध गृहस्थांनी उठून त्यांचा हात हातात घेतला.

कृतज्ञता म्हटलं की आपण फक्त गोड बोलतो. संस्थापकांचा फोटो, हार, दोन श्लोक. किंमत कोणी मोजली हे विचारलं तर कृतघ्नपणा वाटतो. त्या मंडळींनी किंमतही सांगितली आणि आभारही मानले, आणि म्हणून त्यांचे आभार मला खरे वाटले. आठवण फाटकाच्या आतच थांबली असती, तर पावती वाचून घेणारी ती बाई तिच्यात कधी आलीच नसती.

आता आपल्याकडे येते. हे कॉलेज साखर पट्ट्यात उभं आहे. आपल्या इमारतीत कारखान्याचा पैसा आहे, म्हणजे टनामागे कापून घेतलेला शेतकऱ्याचा पैसा आहे, आणि त्याही आधी कोयता चालवणाऱ्या जोडप्याची मजुरी आहे. बीड, अहिल्यानगरकडून दर दिवाळीच्या सुमाराला टोळ्या येतात आणि त्यांची पोरं पाचटाच्या खोपीत राहतात. साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही नुसत्या कागदावर राहिल्या. गळीत हंगाम आणि शाळेचं वर्ष यांचा मेळ बसत नाही, म्हणून ही मुलं दोन्ही गावांच्या हजेरीपटावरून गळतात. आपल्यापैकी किती जण अशा मुलाबरोबर एका वर्गात बसलो होतो? माझ्या वर्गात एक मुलगी होती. दिवाळीनंतर आली आणि उन्हाळ्याआधी गेली. तिचं नावही मला आठवत नाही.

मेळाव्याचा निधी प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी आहे, असं पत्रिकेत लिहिलंय. समितीतल्या सर्वांविषयी मला आदर आहे, आणि कमान सुंदरच होईल. पण माझी विनंती आहे की या वर्षीची रक्कम ऊसतोड कुटुंबांतल्या मुलामुलींच्या वसतिगृहाला द्यावी, म्हणजे आईबाप फडात असताना मूल आपल्या गावच्या शाळेत टिकेल. माझा वाटा मी त्यासाठीच लिहून दिलाय. जेवणानंतर सर्वसाधारण सभा आहे, तिथे मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदक हवाय.